कागद वाचल्याशिवाय सही नाही आणि अंगठाही नाही

मूल होण्याच्या उपचारांवरील चाचण्या : घाबरायचे कुठे, विश्वास ठेवायचा कुठे

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन झाले, खीर वाटली गेली, की बायका मला कोपऱ्यात गाठतात. कुणाची शुगर वाढलेली असते, कुणाच्या लेकराचा खोकला जात नसतो. मी नर्सची नोकरी सोडून बरीच वर्षे झाली, पण वस्तीसाठी मी अजून ‘सिस्टर’च आहे. त्या काळात पंधरा दिवसांच्या अंतराने दोघीजणी आपापले कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

पहिली एकोणतीस वर्षांची. लग्नाला सहा वर्षे झालेली. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तिला विचारले होते, “आमच्याकडे दोन औषधांची तुलना करणारी चाचणी चालू आहे, भाग घेणार का?” सोबत आठ पानांचा मराठी कागद दिला होता. ती म्हणाली, “सिस्टर, आत्याबाई म्हणतात तुला उंदीर करतील. मी नाही म्हणून सांगून आले.”

दुसरीला लग्न होऊन नऊ वर्षे झालेली. एका खाजगी सेंटरने तिला सांगितले होते, “नवीन संशोधन आहे. तुमच्याच रक्तातून औषध काढून अंडाशयात सोडायचे. मर्यादित जागा आहेत.” तिच्या हातात एकच पान होते, तेही इंग्रजीत. तिने सही केली होती आणि बचत गटातून कर्ज काढून चाळीस हजार रुपये भरले होते.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. पहिल्या कागदावर चाचणीचा नोंदणी क्रमांक होता, नीतिमत्ता समितीचा फोन होता, धोके लिहिले होते आणि कधीही बाहेर पडता येईल असे स्पष्ट म्हटले होते. दुसऱ्या कागदावर यातले एकही नव्हते. ‘काही झाल्यास सेंटर जबाबदार नाही’ एवढे मात्र होते. म्हणजे विश्वास ठेवायला जागा होती तिथे आपल्या घराने नकार दिला आणि सावध व्हायला हवे होते तिथे सही करून पैसेही दिले. हे दोघींच्याच बाबतीत घडले असे नाही, वस्त्यावस्त्यांत घडते. म्हणून या वेळचे आरोग्य पान या विषयाला दिले आहे.

आधी तपासणी दोघांची

नवरा-बायको एक वर्ष एकत्र राहून, गर्भनिरोधक न वापरता गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. हा कुणाचा शाप नाही, पूर्वजन्मीचे पापही नाही. इतर आजारांसारखाच हा आजार आहे आणि त्याला कारणे आहेत.

ही कारणे बाईत असतात तशी पुरुषातही असतात. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी, स्वस्त आणि बिनदुखण्याची. तरी ती सगळ्यात शेवटी होते, कारण ‘माझ्यात काही नाही’ असे नवरा आधीच ठरवून बसलेला असतो. तोवर बाईची सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण, बाबाचा अंगारा असे सगळे होऊन गेलेले असते. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या ताईच्या नवऱ्याची तपासणी नऊ वर्षांत एकदाही झाली नव्हती.

आपल्या वस्त्यांत आणखी एक कारण लपून असते, ते म्हणजे जननेंद्रियांचा टीबी. खोकला नसतो, ताप नसतो, पण गर्भनलिका आतून बंद होतात. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

चाचणी म्हणजे नेमके काय

कोणतेही औषध किंवा उपचार खरोखर उपयोगी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी माणसांवर नियमांनी बांधलेला जो अभ्यास करतात त्याला क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषध-चाचणी म्हणतात. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर औषधाची सुरक्षितता पाहतात. दुसऱ्यात ते काम करते का आणि डोस किती हवा हे पाहतात. तिसऱ्यात जास्त लोकांवर जुन्या उपचाराशी तुलना करतात. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा.

तुलना करताना लोकांचे गट पाडले जातात. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. कारण डॉक्टरांनी निवड केली तर ते नकळत तरुण, धडधाकट बायका नव्या औषधाला देतील आणि मग नवे औषध उगाच चांगले दिसेल. काही वेळा एका गटाला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात. कुणाला काय मिळाले हे बऱ्याचदा शेवटपर्यंत कुणालाच सांगत नाहीत.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. डॉक्टर उपचार करतात ते तुमच्यासाठी. चाचणी होते ती एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. त्यात तुमचा फायदा होईलही, पण तो होईलच असे कुणी सांगत असेल तर तो माणूस खोटे बोलतो आहे. फायदा आधीच पक्का माहीत असता तर चाचणी करावीच लागली नसती.

चाचण्यांनी काय शिकवले

लेट्रोझोल नावाची गोळी आहे. ती मुळात पाळी थांबलेल्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी. ती अंडाशयात अंडे तयार करायलाही मदत करते असे डॉक्टरांच्या लक्षात आले. आपल्या देशात २००३ च्या सुमारास बातम्या आल्या, की या उपयोगाला मान्यता नसताना ही गोळी मूल न होणाऱ्या बायकांना दिली जात होती आणि अनेकींना आपल्यावर काय चालले आहे याची कल्पनाच नव्हती. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. पीसीओएस, म्हणजे अंडाशयात गाठी आणि अनियमित पाळी असलेल्या ७५० बायकांना चिठ्ठीने दोन गटांत घातले होते. जुन्या क्लोमिफिन गोळीच्या गटात १९.१ टक्के बायकांना बाळ झाले, लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के बायकांना झाले. त्यानंतर २०१७ मध्ये भारतातली बंदी उठली. आज पीसीओएसमध्ये हीच गोळी आधी दिली जाते.

मग काही जण विचारतील, “औषध चांगलेच निघाले, तर आधी दिले ते काय चुकले?” चुकले ते हे, की त्या बायकांना कुणी विचारले नव्हते. त्यांच्यावर औषध वापरले, पण कुणाचे काय झाले याची शिस्तीने नोंद ठेवून उत्तर काढले नाही. धोका त्यांनी घेतला आणि ज्ञान कुणालाच मिळाले नाही. औषध नंतर चांगले ठरले म्हणून न विचारता केलेला वापर योग्य ठरत नाही.

दुसरे उदाहरण उलटे आहे. टेस्ट ट्यूब उपचारात गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम थोडे खरवडायचे, अशी पद्धत जगभर सुरू झाली होती. दुखायचे, वर पैसेही लागायचे. २०१९ मध्ये १,३६४ बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला. खरवडलेल्या गटात २६.१ टक्के बायकांना बाळ झाले, न खरवडलेल्या गटातही २६.१ टक्केच. फायदा शून्य. चाचणी झाली नसती तर हे खरवडणे आजही ‘स्पेशल पॅकेज’ म्हणून विकले गेले असते.

तिसरी गोष्ट जुनी आहे. गर्भपात होऊ नये म्हणून डीईएस नावाचे हार्मोन गरोदर बायकांना देत असत. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ मध्येच अमेरिकेतल्या चाचणीत दिसले होते, तरी ते चालूच ठेवले. १९७१ मध्ये कळले, की ज्या मुली आईच्या पोटात असताना हे औषध घेतले गेले त्यांच्यापैकी काहींना तरुणपणी योनीमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झाला. म्हणून मूल होण्याच्या औषधांच्या चाचणीत आईइतकीच बाळाचीही पुढची वर्षे पाहावी लागतात.

या तिन्ही गोष्टींत एक समान शिकवण आहे. आकडा विचारायचा तो ‘बाळ किती जणींना झाले’ याचा. जाहिरातीत ‘गर्भ राहण्याचे प्रमाण’ सांगतात. लघवीच्या तपासणीत दोन रेषा येणे आणि घरी लेकरू येणे यांत नऊ महिन्यांचे अंतर असते.

मूल होण्याची क्षमता जपून ठेवणे

कर्करोगाचे नाव ऐकले की घर हादरते. लवकर केमो सुरू करा, एवढेच सगळे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण केमो आणि लाइट यांमुळे अंडाशय किंवा वृषण कायमचे निकामी होऊ शकतात. तरुण पोरगा-पोरगी बरी होतात आणि चार वर्षांनी लग्नाच्या वेळी हे कळते. म्हणून उपचार सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : “डॉक्टर, याने पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का? आधी काही जपून ठेवता येईल का?” हे विचारायला लाजू नका. निर्णय अविवाहित मुलीचा असला तरी तिच्या आईने विचारावे.

वयात आलेल्या मुलासाठी हे सोपे असते. एक-दोन वेळा वीर्याचा नमुना देऊन तो गोठवून ठेवतात. मुलीसाठी दहा ते चौदा दिवस इंजेक्शने घेऊन अंडी काढून गोठवावी लागतात. लग्न झालेले असेल तर भ्रूण गोठवता येतो. तेवढा वेळ नसेल किंवा मुलगी वयात आलेली नसेल तर अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात आणि बरी झाल्यावर परत बसवतात. असा तुकडा बसवून जन्मलेले पहिले बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये झाले. वयात न आलेल्या मुलग्यांसाठी मात्र अजून सगळे संशोधनाच्याच पातळीवर आहे.

याही क्षेत्रात चाचण्यांनीच वाट दाखवली. एका प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात केमोच्या काळात अंडाशय ‘झोपवून’ ठेवणारे महिन्याचे इंजेक्शन द्यावे का, याची चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी २२ टक्के बायकांचे अंडाशय निकामी झाले, घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांचे. दुसऱ्या अभ्यासाचा निकाल २०२३ मध्ये आला. स्तनाच्या कर्करोगानंतर पाच-दहा वर्षे हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या मध्येच दोन वर्षांपर्यंत थांबवून मूल होऊ देता येईल का, हे ५१६ बायकांमध्ये पाहिले. पाठपुरावा झालेल्या ४९७ जणींपैकी ३६८ जणींना गर्भ राहिला आणि पहिल्या तीन वर्षांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण, गोळ्या न थांबवणाऱ्या तशाच बायकांपेक्षा वाढलेले दिसले नाही. त्यापुढच्या वर्षांचा अभ्यास लागणारच आहे. म्हणून कुणीही मनाने गोळ्या थांबवू नयेत.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. सिकलसेल आपल्या समाजात किती आहे हे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वाचकांना सांगायला नको. सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सियुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, आयुष्य वाढते. ती घेणाऱ्या पुरुषांत शुक्राणू कमी होऊ शकतात. म्हणून गोळी बंद करायची नाही. मूल हवे असेल तेव्हा नवरा-बायकोने आधी डॉक्टरांशी बोलायचे, तोवर गर्भनिरोधक वापरायचे. बोन मॅरो बदलण्याच्या उपचारात आधी जी तीव्र औषधे देतात त्यांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या जनुकीय उपचारांतही तशीच औषधे लागतात. उद्या असे उपचार किंवा त्यांच्या चाचण्या आपल्या मुलांसमोर आल्या तर ‘आजार जाईल’ एवढ्यावर न थांबता ‘पुढे मूल होण्याचे काय’ हेही त्याच दिवशी विचारा.

आपली भीती खोटी नाही

त्या पहिल्या ताईच्या सासूबाई ‘उंदीर करतील’ म्हणाल्या. मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. गरिबांच्या आणि दबलेल्यांच्या शरीरावर न विचारता प्रयोग झालेले आहेत, हा इतिहास आहे.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी अभ्यास चालला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिनने आजार बरा होतो हे कळल्यावरही त्यांना ते दिले नाही, कारण आजार कसा वाढत जातो ते पाहायचे होते. आपल्याकडे मलेरियाच्या क्विनाक्रिन औषधाच्या गोळ्या गर्भाशयात ठेवून हजारो बायकांची नसबंदी केली गेली. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९९८ मध्ये त्या वापरावर बंदी आली. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस अभ्यास म्हणून दिली. खम्ममच्या अनेक मुली आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या आणि त्यांच्या कागदांवर आईबापांऐवजी वॉर्डनने सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये तो अभ्यास थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ती लस वाईट नाही, मुलींना ती मिळायलाच हवी. दोष लसीत नव्हता, आईबापांना डावलण्यात होता.

पण भीतीपोटी दार बंद करून बसणे हेही नुकसानच. चाचण्यांत फक्त पैसेवाल्या घरांतल्या, चांगले खाणाऱ्या बायका असतील तर रक्त कमी असलेल्या, टीबी होऊन गेलेल्या, सिकलसेल असलेल्या आपल्या बाईला ते औषध कसे मानवते हे कुणाला कळणार? आपण चाचणीत असायला हवे, पण आपल्या अटींवर, डोळे उघडे ठेवून.

कायद्याने तुमच्या हातात काय दिले आहे

स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरले, मग नियम कडक झाले. आज ‘नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ लागू आहेत. त्यातले आपल्या कामाचे असे :

नव्या औषधाच्या चाचणीला भारताच्या औषध महानियंत्रकांची परवानगी लागते. आधीच मान्य असलेल्या औषधावर कॉलेजचा अभ्यास असेल तर ती लागेलच असे नाही, पण नीतिमत्ता समितीची मान्यता लागतेच. या समितीत डॉक्टरांशिवाय कायदा जाणणारी व्यक्ती, सामान्य नागरिक आणि किमान एक महिला असावी लागते.

चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदणीवर, म्हणजे सीटीआरआयवर करावी लागते. १५ जून २००९ पासून हे बंधनकारक आहे. नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली असावी. क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष आणि महिना असतो. ही यादी मोबाइलवर कुणालाही मोफत पाहता येते. कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा, पाच मिनिटांत शोधून देईल.

माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. वाचता येत नसेल तर सगळी माहिती देताना पूर्ण वेळ निःपक्ष साक्षीदार हजर हवा. संपूर्ण नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकातल्या व्यक्तीची संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग करावे लागते.

चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येते. त्यामुळे दवाखान्यातला तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळते. आई किंवा वडील चाचणीत असल्यामुळे पोटातल्या बाळाला इजा झाली तर त्याचीही भरपाई या नियमांत आहे. मूल होण्याच्या उपचारांसाठी हे कलम फार मोलाचे आहे. ‘सेंटर जबाबदार नाही’ असे छापून हा हक्क काढून घेता येत नाही.

संशोधनासाठी लागणाऱ्या तपासण्या आणि औषधांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळू शकते. मात्र मोठ्या रकमेचे आमिष दाखवणेही चूक आहे.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

हे पान कापून ठेवा.

१. हा उपचार आहे की चाचणी? सरळ एका शब्दात सांगा.
२. सीटीआरआय क्रमांक काय? नीतिमत्ता समितीचा फोन कोणता?
३. गट किती? मला औषध नसलेली गोळी मिळू शकते का?
४. चाचणीत गेले नाही तर माझ्यासाठी दुसरा कोणता उपचार आहे?
५. चाचणी किती महिने चालेल? तोवर दुसरा उपचार घेता येईल का? (वय ३५ च्या आसपास असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गेलेले वर्ष परत येत नाही.)
६. आधी किती बायकांना दिले आणि बाळ किती जणींना झाले?
७. माझ्या शरीराला धोका काय? बाळाला धोका काय? बाळाची तपासणी किती वर्षे करणार?
८. मला एक रुपयाही भरावा लागेल का?
९. रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?
१०. माझी अंडी, माझ्या नवऱ्याचे शुक्राणू, उरलेले भ्रूण यांचे काय करणार?

दहाव्या प्रश्नाबद्दल थोडे. २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. भ्रूण दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतात आणि संशोधनाला द्यायचे तर जोडप्याची संमती लागते. याच कायद्यात वस्तीतल्या पोरींसाठीही एक गोष्ट आहे. ‘अंडी दे, पैसे मिळतील’ म्हणत दलाल फिरतात. कायद्याने अंडी विकणे गुन्हा आहे. २३ ते ३५ वयाची बाई आयुष्यात एकदाच अंडी दान करू शकते, सातपेक्षा जास्त अंडी काढता येत नाहीत आणि तिचा विमा काढावा लागतो. आधार कार्डावर वय वाढवून पोरगी नेत असतील तर महिला मंडळाने तिथेच अडवावे.

अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांनंतर पोट फुगणे, श्वास लागणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या, पाय सुजून दुखणे यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नका. अंडाशय जास्त सुजून पोटात पाणी साठलेले असू शकते आणि त्याने जीव जाऊ शकतो. लगेच दवाखाना गाठा आणि कोणती इंजेक्शने घेतली ते सांगा.

त्या दोघींचे पुढे काय झाले

दुसऱ्या ताईबरोबर आम्ही महिला मंडळाच्या चौघी त्या सेंटरवर गेलो. नोंदणी क्रमांक मागितला. मिळाला नाही. समितीचे नाव मागितले. तेही मिळाले नाही. रक्तातले ते औषध अंडाशयात सोडण्याच्या उपचाराला आज पक्का पुरावा नाही, ते द्यायचे तर नोंदणी केलेल्या चाचणीतच आणि बिनपैशांनी द्यायला हवे. पंचवीस हजार परत मिळाले, उरलेले मिळाले नाहीत. नंतर तिच्या नवऱ्याची वीर्य तपासणी सरकारी दवाखान्यात करून घेतली. शुक्राणू कमी निघाले. त्यांचा उपचार आता सुरू झाला आहे. तिला नऊ वर्षे लोक वांझोटी म्हणत होते.

पहिल्या ताईचा कागद मी तिच्या घरी बसून मोठ्याने वाचला. सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनीच सगळ्यात चांगला प्रश्न विचारला, “लेकरू झाल्यावर हे लोक त्याच्याकडे बघणार आहेत का?” नवरा-बायको तो प्रश्न घेऊन परत दवाखान्यात गेले, उत्तर घेऊन आले. जागा शिल्लक होती. चार दिवस विचार करून तिने सही केली आणि प्रत मागून घेतली. ती कोणत्या गटात आहे हे तिला माहीत नाही, मलाही नाही. मूल होईल का, तेही आज सांगता येत नाही. पण आपण कशात भाग घेतला आहे हे तिला माहीत आहे.

आपल्या शरीराचा निर्णय बाईचा असावा, हे आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेले नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांनी तयार केला होता आणि रोहम यांनी मांडला. त्या काळी तो नामंजूर झाला. मूल नको असेल तेव्हा ज्या बाईचा निर्णय मानायचा, मूल हवे असेल तेव्हाही तिचाच मानायला हवा. आणि भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले तेही लक्षात ठेवा. कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. पांढरा कोट घातलेल्या माणसालाही हा नियम लागू आहे.

मूल झाले नाही तरी बाई अपुरी नसते आणि संसारही अपुरा नसतो. हे वाक्य आपल्या विहारात पुरुषांनी उभे राहून म्हणावे, अशी माझी विनंती आहे. आणि कुणाच्या घरी असा कागद आला असेल तर रविवारी वंदनेला येताना सोबत आणा. आपण मिळून वाचू.

जयभीम! नमो बुद्धाय!